पाहुण्या शिक्षकांचा दिवस

पहाटे साडेपाच

केनियाच्या पश्चिमेला, किसुमूहून मासेनोकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका अँग्लिकन मंडळीचं छोटं पाहुणेघर आहे. नगरहून आलेली आमची टीम तिथे उतरली आहे: पाळकसाहेब, आम्ही तीन शिक्षिका, एक परिचारिका आणि तरुण संघातले चौघे. एप्रिलचा उत्तरार्ध आहे. नगरच्या शाळांना सुट्टी लागली आहे. इथलंही पहिलं सत्र संपून मुलं घरी आहेत. आपल्या मंडळ्यांमध्ये मे महिन्यात मुलांची बायबल शाळा भरते, तशी इथे या सुट्टीत भरते.

विषुववृत्त मासेनोतूनच जातं, त्यामुळे वर्षभर दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या घड्याळात सात वाजतात तेव्हा इथल्या बोलण्यात एक वाजलेला असतो. भिंतीवरच्या वेळापत्रकात म्हणूनच दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.

मच्छरदाणी दुमडून बांधायची, लांब बाह्यांचे कपडे घालायचे. व्हिक्टोरिया सरोवराभोवतीचा हा पट्टा केनियात मलेरियाचा सगळ्यात जास्त जोर असलेला. मलेरियावरची पहिली लस 2019 साली मलावी, घाना आणि केनिया या तीन देशांतल्या मुलांना द्यायला सुरुवात झाली, तेव्हा केनियात याच पश्चिम भागाची निवड झाली होती. आमच्या परिचारिका ताई नाश्त्याच्या टेबलावर प्रत्येकाने गोळी घेतली का ते वहीत लिहून ठेवतात. पीतज्वराची लस तर नगरहून निघायच्या आधीच घ्यावी लागली, कारण त्या दाखल्यावाचून केनियाहून परत आलं की भारतात विलगीकरणात राहावं लागतं.

सहा

मराठीत उपासना. एक गीत, एक उतारा, थोडी प्रार्थना, पंधरा मिनिटांत आटोपणारी. पाळकसाहेबांचा आग्रह आहे की दिवस मुलांचा आहे, आपला नव्हे.

साडेसहा

आता खरं काम सुरू होतं. इथल्या शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेच्या, प्रमुख शिक्षिका येतात. वय साठीच्या पुढचं, सरकारी प्राथमिक शाळेतून निवृत्त. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, आम्हीही. त्या वही उघडतात आणि आज कोणत्या गटात कोण बसेल ते सांगतात. आम्ही फक्त लिहून घेतो.

यामागे नियम आहे आणि तो निघायच्या आधीच पत्रातून ठरला होता. प्रत्येक गटापुढे इथली शिक्षिका किंवा इथला शिक्षक उभा राहील, आमचा माणूस मुलांमध्ये खाली बसेल. खडू त्यांच्या हातात. मला हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आम्ही जाणार, त्या राहणार. मुलांनी आपल्याच बाईंना पाहुण्यांपुढे गप्प उभं राहिलेलं पाहिलं, तर पुढे वर्षभर त्या बाईंच्या शब्दाला वजन उरत नाही.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. केनियाच्या 2013 च्या शिक्षण कायद्याने सुट्टीत मुलांच्या शिकवण्या घ्यायला मनाई केली आहे. मुलांना सुट्टी मिळालीच पाहिजे, असा त्यामागचा विचार. म्हणून इथे पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, फी नाही. गोष्टी, गाणी, वाचन आणि खेळ. मॅडमनी हे पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहिलं होतं आणि आमच्या तयारीला त्यामुळे शिस्त लागली.

सव्वासात

दुधात उकळलेला चहा, उकडलेलं रताळं, मांदाझी आणि चपाती. चपातीला इथे चपातीच म्हणतात. 1896 साली मोंबासाहून सुरू झालेला रेल्वेमार्ग 1901 साली किसुमूला सरोवराच्या काठी पोहोचला. तो बांधायला सुमारे 32 हजार मजूर हिंदुस्थानातून आणले होते, बहुतेक पंजाबातले. जवळजवळ अडीच हजार जण कामावर मेले. काही मागे राहिले, त्यांच्यामागून व्यापारी आले, आणि चपाती इथल्या सणावाराच्या ताटात जाऊन बसली. रस्त्यावरची मुलं आम्हाला पाहून ‘मुहिंदी’, म्हणजे हिंदी माणूस, असा पुकारा करतात. या भागाने हिंदी माणूस पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे, बहुतेक दुकानाच्या गल्ल्यामागे. त्यांच्या मुलांशेजारी जमिनीवर बसलेला मात्र कमी पाहिला असावा.

आठ

लाल चिखलाची वाट. मक्याची शेतं गुडघ्याच्या वर आली आहेत. बोडा बोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून, तीन तीन माणसं जातात. लांब पावसाळा मार्चपासून मेपर्यंत चालतो, सकाळ कोरडी आणि दुपार ओली. आम्ही पोहोचतो तेव्हा मुलं आधीच आलेली असतात, धाकट्या भावंडांना पाठीवर घेऊन.

नऊ

गाणी. इथल्या मुलांना कोणी गायला शिकवावं लागत नाही. एक मुलगी सुरुवात करते आणि दुसऱ्या ओळीला दोन सूर आपोआप वेगळे होतात. आमच्या तरुण संघातल्या मुलाने आणलेली ढोलकी पहिल्या दिवशीच इथल्या एका वादकाच्या मांडीवर गेली, ती तिथेच आहे.

साडेनऊ

आजची गोष्ट जक्कयाची. ठेंगणा जकातदार, येशूला पाहायला झाडावर चढलेला. आम्ही नगरहून रंगीत चित्रं आणली होती. मॅडमनी ती पाहिली, चांगली आहेत म्हणाल्या, आणि सगळ्या मुलांना घेऊन बाहेर अंगणात गेल्या. तिथे ते झाड उभं आहे. बायबलमधलं ते अंजिराच्या जातीचं झाड मूळचं आफ्रिकेचंच. आपल्या उंबरासारखी त्याला खोडाफांद्यांवरच फळं लागतात. सगळ्यात लहान चणीच्या मुलाला वर चढवलं. खालून गर्दी झाली. गोष्ट तिथेच झाली, डोलुओ भाषेत, आणि आमच्यातल्या कुणालाही शब्द कळला नाही तरी गोष्ट कळली.

मग मॅडमनी केलेली एक गोष्ट मी शिक्षिका म्हणून कायमची लक्षात ठेवणार आहे. जक्कय म्हणाला होता की ज्याचं मी लुबाडलं त्याला चौपट परत देईन. मॅडमनी शिलिंगची नाणी काढली. बाजारात ओमेना मासे विकणाऱ्या बाईकडून जकातदाराने पाच शिलिंग जास्त घेतले, तर आता किती द्यायचे? दहा घेतले तर? मुलं ओरडून उत्तरं देतात. एक मुलगा विचारतो, ती बाई मेली असेल तर कुणाला द्यायचे? मॅडम थांबतात, त्याच्याजवळ जातात आणि त्यालाच विचारतात. तो विचार करून सांगतो, तिच्या मुलांना. गोष्टीचा सगळा अर्थ त्या पोराने काढून हातात दिला.

साडेदहा

पाय दाबला की दोरीने डबा कलतो, असा हात धुण्याचा साधा नळ अंगणात टांगला आहे. रांग. मग पेल्यात गरम उजी, धान्याच्या पिठाची पेज. मंडळीतल्या मदर्स युनियन या स्त्रियांच्या संघातल्या बायका पहाटेपासून चुलीशी आहेत. उजीचं पीठ आणि सरपण इथल्या मंडळीने गोळा केलं आहे, आम्ही नाही. ते द्यायची आमची तयारी होती, पण त्यांनी नकार दिला आणि तो मला आवडला. पाहुण्यांना जेवायला घालणारं घर हे घर असतं.

अकरा

वाचनाचे गट. दिवसातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा तास.

मुलं इयत्तेप्रमाणे बसत नाहीत, वाचता येतं त्याप्रमाणे बसतात. एका गटाला अक्षरं ओळखता येतात, दुसऱ्याला शब्द, तिसऱ्याला परिच्छेद, चौथ्याला सबंध गोष्ट. अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा एकाच गटात असू शकतात, आणि मॅडम ते इतक्या सहजपणे करतात की कुणाला लाज वाटत नाही. ही पद्धत मी ओळखते. ती आपल्याकडची आहे. 1995 साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ती रुजवली. 2005 पासून ‘असर’च्या पाहणीत घरोघरी जाऊन एकेका मुलाला वाचायला लावलं जाऊ लागलं. तेच पाहून 2009 साली केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ ही पाहणी सुरू झाली. मुंबईच्या चाळीझोपड्यांमधून निघालेली गोष्ट व्हिक्टोरियाच्या काठी पोहोचलेली पाहून मला फार आनंद झाला. मॅडमना तिचं मूळ ठाऊक नव्हतं. त्यांना ती उपयोगी पडली म्हणून त्यांनी घेतली.

आम्ही पुस्तकं का आणली नाहीत, असं नगरला अनेकांनी विचारलं होतं. बॅगा भरून इंग्रजी पुस्तकं द्यायला लोक तयार होते. न आणण्याचं कारण असं: इथून फार लांब नसलेल्या बुसिया भागात 1990 च्या दशकात अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही शाळांना पाठ्यपुस्तकं पुरवली, काहींना नाही, आणि मग निकाल ताडून पाहिले. सरासरी मूल जिथे होतं तिथेच राहिलं. फायदा झाला तो आधीपासून हुशार असलेल्यांना, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. त्याच भागात जंतांचं औषध दिल्यावर मात्र शाळेतली गैरहजेरी चतुर्थांशाने कमी झाली. क्रेमरना 2019 साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हे क्रेमर तरुणपणी पश्चिम केनियातच वर्षभर शाळेत शिकवत होते. बाहेरून शिकवायला आलेला माणूस उत्तरं घेऊन न येता प्रश्न घेऊन परत गेला, तर किती मोठं काम उभं राहतं याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

मग आमचा उपयोग काय? ऐकणं. एका शिक्षिकेपुढे साठ-सत्तर मुलं असतात. प्रत्येकाचं वाचन एकेकटं ऐकायला तिला वेळ कुठून मिळणार? आमच्या नऊ जणांमुळे तो वेळ मिळतो. मुलगा माझ्याशेजारी बसतो, मॅडमनी खाकी कागदावर डोलुओत लिहिलेली चार ओळींची गोष्ट बोट ठेवून वाचतो, मग मला ती थोड्या इंग्रजीत, थोड्या हातवाऱ्यांनी समजावून सांगतो. मला भाषा येत नाही हेच इथे कामी येतं. त्याला समजावणं भाग पडतं आणि समजावताना त्याला स्वतःला कळत जातं. अडला तर मी शब्द सांगू शकत नाही, म्हणून थांबते. तो परत पहिल्या अक्षरापासून जुळवतो. पंचेचाळीस मिनिटांत मी सहा मुलांचं ऐकते. नगरच्या शाळेत इतकं निवांत मी क्वचितच कुणाचं ऐकलं असेल, आणि तिथली मुलंही याच्याच भुकेली आहेत.

आज एक थोरली मुलगी अक्षरांच्या गटातून शब्दांच्या गटात गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडमनी तिला फक्त जागा बदलायला सांगितली आणि ती मान ताठ करून उठली.

साडेबारा

खेळ. प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि सुतळी गुंडाळून केलेला चेंडू. मधल्याला चेंडूने टिपायचा ‘काती’ हा खेळ त्यांनी आम्हाला शिकवला, आम्ही लगोरी. सात चपटे दगड शोधायला इथल्या मुलांना दोन मिनिटं लागतात. नंतर जेवण: मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली उगाली, सुकुमा विकीची भाजी, घेवडा. दीडला मुलं घरी जातात.

दोन

दुपारची बैठक शिक्षकांची, आणि सबंध दौरा या बैठकीसाठी आहे असं मी म्हणेन. आसपासच्या मंडळ्यांतून शब्बाथ शाळा चालवणारे वीसेक जण येतात. कुणी शेतकरी, कुणी शिवणकाम करणारी, कुणी नुकती शाळा संपलेली मुलगी. पगार कुणालाच नाही. रॉबर्ट रेक्सने 1780 साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रविवारची शाळा काढली ती कारखान्यात राबणाऱ्या मुलांना लिहायवाचायला शिकवायला, कारण त्यांना सुट्टीचा तेवढाच दिवस होता. ती मूळ कल्पना इथे जिवंत आहे. या माणसांकडे दर रविवारी जी मुलं येतात, त्यातल्या काहींचा आठवडाभरातला मोठ्या माणसाशी निवांत बोलण्याचा तोच तास असतो.

आज आम्ही खोक्याच्या पुठ्ठ्यातून अक्षरपट्ट्या कापतो, बाटल्यांच्या झाकणांवर आकडे लिहितो, मक्याच्या दाण्यांचे दशकाचे गठ्ठे करतो. नगरहून आणलेलं साहित्य म्हणजे फक्त कात्र्या आणि रंगीत खडू. जे इथल्या बाजारात मिळत नाही ते वापरायचं नाही, कारण आम्ही गेल्यावर ते संपेल आणि त्याबरोबर पाठही संपेल.

तीनच्या सुमाराला आभाळ भरून येतं. सरोवरावरून ढग चढतात आणि पाऊस कोसळतो. छप्पर मबातीचं, म्हणजे नालीदार पत्र्याचं. त्याखाली शेजारच्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही. आमची मंडळी थांबून एकमेकांकडे बघू लागली. मॅडम उठल्या. वर्गात पाऊस आला की त्या काय करतात ते त्यांनी करून दाखवलं. दोन बोटं वर, म्हणजे सगळ्यांनी उभं राहायचं. मुठी मिटल्या की बसायचं. मग हवेत बोटाने एक अक्षर काढलं, सगळ्यांनी ते आपापल्या तळहातावर काढलं आणि शेजाऱ्याला त्याच्या पाठीवर बोटाने गिरवून दिलं. ओळीच्या शेवटच्या माणसाने उठून फळ्यावर लिहिलं. अर्धा तास एकही शब्द न बोलता वीस माणसं वाचन शिकवण्याचा पाठ घेत होती. इतकी वर्षं फळ्यापुढे काढल्यावरही मी असं काही पाहिलं नव्हतं. हे मी नगरला नेणार, जूनमध्ये आमच्याकडेही पत्र्यांवर पाऊस असतो.

साडेचार

पाऊस थांबल्यावर गावात एक-दोन घरी भेट. वाटेत मासेनोच्या शाळेबद्दल बोलणं निघतं. चर्च मिशनरी सोसायटीने ती 1906 साली सुरू केली. केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगा तिथे शिकले आणि पुढे शिक्षकही झाले. बराक ओबामांचे वडीलही तिथलेच विद्यार्थी. माझ्या मते शाळा टिकली कारण तिथे शिकलेलेच तिथे शिकवू लागले.

साडेसात

तळलेला तिलापिया आणि उगाली. जेवण झाल्यावर टीमची बैठक. तरुण मुलांना सगळ्यात अवघड जाणारे नियम इथे रोज पुन्हा बोलले जातात. कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने खोलीत थांबायचं नाही. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढून पाठवायचे नाहीत. एखाद्याच मुलाला गुपचूप काही द्यायचं नाही. परत येईन असं वचन द्यायचं नाही. आज आमच्या तरुण संघातली एक मुलगी रडली. एक चार वर्षांची पोर दिवसभर तिचा हात धरून होती. पाळकसाहेबांनी तिला समजावलं की त्या पोरीला आई आहे, आजी आहे, आणि आपण त्यांची जागा घ्यायला आलेलो नाही.

याच कारणाने आम्ही कोणत्याही अनाथालयाला भेट दिली नाही, जवळच्या एका संस्थेचं निमंत्रण असूनही. अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहिल्या की घरातली मुलं संस्थेत ओढली जातात. केनिया सरकारने 2017 साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली ती उगाच नाही. मिशन ट्रिपच्या कार्यक्रमात अनाथालयाची भेट घालणं आपल्या मंडळ्यांनी बंद केलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नऊ

खर्चाची वही. या वहीपुढे बसलं की एक प्रश्न चुकत नाही: नऊ जणांच्या विमानभाड्याचे पैसे सरळ पाठवले असते तर? इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंनी 1968 साली मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर याहून कठोर भाषण केलं होतं. तुम्ही मदत करायला येऊच नका, पाहायला या, शिकायला या, असा त्याचा आशय. निघण्यापूर्वी आम्ही ते टीममध्ये सगळ्यांनी वाचलं. मला ते बरंचसं पटतं.

पण मी नगरची आहे. मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरार 1827 साली मुंबईत उतरल्या, पुढे नगरला आल्या आणि 1862 साली नगरलाच वारल्या. अविवाहित स्त्रीला एकटीने परदेशी पाठवणं तेव्हा मिशनमध्ये जवळजवळ ऐकिवात नव्हतं. पस्तीस वर्षं त्यांनी मुलींना शिकवलं. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतल्याचं चरित्रांत नोंदलेलं आहे. फॅरारबाई आमची भाषा शिकल्या आणि त्यांनी आमच्यातून शिक्षिका तयार केल्या. बाहेरून आलेल्या शिक्षकाला जे चांगलं काम करता येतं ते हेच, आणि ते आमच्या दौऱ्यासारख्या एका आठवड्यात होत नाही. आठवड्यात होतं ते एवढंच: ज्या शिक्षिका इथे कायम आहेत त्यांना थोडी मोकळीक, त्यांच्या मुलांना थोडे जास्तीचे कान.

आज दुपारच्या बैठकीतून उठताना मॅडमनी पाळकसाहेबांना सांगितलं की पुढच्या वर्षी नऊ जण नकोत. दोन शिक्षिका पाठवा, पण तीन आठवड्यांसाठी, आणि वाचलेल्या पैशातून आमच्यातल्या दोघींना तुमच्या नगरच्या शाळा पाहायला बोलवा. पाळकसाहेबांनी होकार दिला आहे. सुट्टीत परदेशी टीम पाठवण्याच्या विचारात असलेल्या मंडळ्यांना माझी विनंती आहे: तिकिटं काढण्याआधी तिथल्या शिक्षिकेला पत्र लिहा, किती माणसं हवीत, कशासाठी हवीत ते विचारा, आणि ती नको म्हणाली तर जाऊ नका.